दादाने हातात दिलेला चाकू

वहिनींचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो. "भावोजी, हे गेले," एवढंच म्हणाल्या. त्याला आता महिना होऊन गेला. धक्का बसला नव्हता, डॉक्टरांनी आधीच हात टेकले होते. वाटली ती शरम. सख्ख्या मोठ्या भावाशी मी पाच वर्षं धड बोललो नव्हतो, आणि तेही धार लावायच्या दगडांवरून...

दादा कारखान्यात टूलरूममध्ये होता, हत्यारं घडवायच्या नि धार लावायच्या कामावर. नवी यंत्रं आली, त्याच्या हातचं काम गेलं आणि पुढ्यात स्वेच्छानिवृत्तीचा कागद आला. त्यात स्वेच्छा किती असते, हे पुण्यात कुणाला सांगायला नको. पंचेचाळिशीत घरी बसलेला दादा कात्रजच्या फ्लॅटच्या गॅलरीत शेजाऱ्यांच्या सुऱ्या, विळ्या पाजवू लागला. मग त्याने ठरवलं, हाच धंदा करायचा. मार्केट यार्डाजवळ एक गाळाही बघून ठेवला. मी तेव्हा कंपनीच्या कामासाठी पहिल्यांदा अमेरिकेला निघालो होतो. त्याने वहीच्या पानावर लिहून दिलं : एक भरड दगड, एक बारीक, आणि सुरीचा कोन हलू न देणारा चिमटा. "स्वयंपाकाच्या सुरीला कोन बारीक लागतो, खिशातल्या चाकूला जरा जाड. मशीनला सगळे सारखेच, ते नुसतं पोलाद खातं. मशीन आणू नकोस."

मी मशीनच आणलं. अमेरिकेतून दगड वाहून आणायचे हे मला पटेना, शिवाय भावाला काहीतरी भारी द्यावं ही मिजास होतीच. दादाने खोकं उलटसुलट पाहिलं. "दगड संपले वाटतं तिकडचे," म्हणाला. मी हौसेने मशीन लावून दाखवलं. ते तिकडच्या एकशेदहा व्होल्टचं, आपल्याकडे त्याच्या दुप्पट. दिवसभर कॉम्प्युटरशी झटणाऱ्या मला हे सुचलंच नाही. खोलीभर जळका वास पसरला. वहिनींना हसू आलं, आणि माझं डोकं फिरलं. "बरंच झालं! धारवाला होणं शोभतं का आपल्या घराला?" दादाने मशीनची वायर काढून ठेवली. गाळ्याचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. पुढे एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन म्हणून बसू लागला. तिथून जाताना दिसायला नको म्हणून मी रस्ता बदलत असे.

शेवटचा भेटायला गेलो तेव्हा तो उशीला टेकून बसला होता. हाडं तेवढी उरली होती. "चाकू आहे का रे खिशात?" त्याने विचारलं. वडिलांनी मला दिलेला घडीचा चाकू होता, पार बोथटलेला; तो मी त्याच्यापुढे ठेवला. वहिनींनी त्याचा मध्ये झिजलेला जुना दगड आणि वाटीत पाणी आणून दिलं. हात थरथरत होते, पण पातं दगडावर टेकलं की कोन हलत नव्हता. आमच्याकडे सुरी कधी हातात देत नाहीत, भांडण होतं म्हणतात; खाली ठेवायची, दुसऱ्याने उचलायची. दादाने जन्मभर ते पाळलं. त्या दिवशी मात्र चाकू सरळ माझ्यापुढे धरला.

"खाली ठेव ना, दादा."

"घे रे. आता भांडायला वेळ कुठाय?"

मी घेतला. चुकलो म्हणायचं होतं... म्हणालो, "धार छान आलीय."

तो चाकू आता माझ्या टेबलाच्या खणात असतो. परवा मुलीने पेन्सिल तासायला घेतला तर मी तिच्यावर केवढ्याने ओरडलो. धार वापरली की जाते, आणि ही गेली की दादाचं माझ्याकडे काही उरणार नाही. गेल्या आठवड्यात पुन्हा अमेरिकेहून आलो. येताना दोन दगड आणले, एक भरड, एक बारीक. बॅगेत सहज मावले.