माशांचा जानोसा

प्रथम घटनाक्रम. गेल्या गुढीपाडव्याला आमच्या अमरावतीच्या कॉलनीतील तलावात अकोल्याहून आणलेले मासे तपासणीविना थेट सोडण्यात आले. जबाबदार, कॉलनीचे अध्यक्ष. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास तलावातील कोई जातीच्या शोभिवंत माशांच्या अंगावर किडे लोंबताना आढळले. जबाबदार, तेच अध्यक्ष, आणि पाडव्याला त्यांच्यासाठी टाळ्या पिटणारी समस्त कार्यकारिणी. बुद्धपौर्णिमेला तेच मासे ठणठणीत होते. जबाबदार, जानोसेवाल्या बाई. कोजागिरीला घडलेला चौथा प्रकार मी शेवटी मांडणार आहे, कारण त्याचा निकाल अजून लागलेला नाही.

लग्नात वऱ्हाड उतरते त्या जागेला जानोसा म्हणतात. आमच्या बाईंनी माशांसाठी जानोसा काढला होता. पंपघरामागे, निंबाच्या सावलीत, अर्धा कापलेला निळा पिंप आणि त्यात हवा खेळती ठेवायला जुन्या कूलरचा पंप. नवा मासा कोणाचाही असो, कितीही देखणा असो, आधी पिंपात उतरायचा. पंधरवडा सरला की बाई त्याला निरखत आणि बहुधा आणखी एक पंधरवडा वाढवून देत. "मांडवात घाई नाई पाह्यजे," एवढेच त्यांचे म्हणणे.

बाई बडनेऱ्याला रेल्वेत तिकीट तपासनीस होत्या. निवृत्तीनंतर कॉलनीत आल्या, पण नजर नोकरीतलीच राहिली. वरच्या बर्थवर झोपेचे सोंग घेतलेल्या प्रवाशाकडे पाहावे तसे त्या तळाशी निपचित पडलेल्या माशाकडे पाहत. मासा भिंतीला अंग घासू लागला की म्हणत, "याले खाज सुटली. कोनीतरी बिनातिकीट चढलं याच्या अंगावर." मी एकदा विचारले, हे शास्त्र आपण कुठे शिकलात? बाई हसल्या. "मारून शिकली, वकीलसाहेब. क्वार्टरात टाकी होती माही. नवा मासा आनला, तसाच सोडला, अन् आठवड्यात टाकी साफ! तवापासून जानोसा." मी वकील नव्हे, न्यायालयातून निवृत्त झालेला अधीक्षक आहे, हे त्यांना मी अनेकवार कळवले होते. त्यांनी ते कधीच दाखल करून घेतले नाही.

सोयरीक जुळवणे हे त्यांचे दुसरे काम. कोणी मासा भेट आणला की बाई बाकावर बसून रीतसर पाहण्याचा कार्यक्रम करत. खाते काय? वाढून केवढा होते? राग कसा हाय? पंखांचा घोळ सांभाळत डुलणारे फुगीर गोल्डफिश त्यांनी सविनय परत पाठवले. "आमचे कोई म्हंजे पंगतीतले आडदांड. या नाजूक बाईले घासही लागू देनार नाईत." लांब शेपटीच्या चपळ गोल्डफिशला मात्र जानोशानंतर होकार मिळाला. काचेवरचे शेवाळ खाणारा काळा सकर एका शेजाऱ्यांनी कौतुकाने आणला, तेव्हा बाई ताडकन उठल्या. "हा भिंत चाटाचं सोडून कोईच्या अंगाले चिकटते. घरजावई व्हईन तुमचा!" आणि पातूरहून त्यांचा सख्खा भाचा बादलीत मरळ घेऊन आला, तर त्यालाही सूट नव्हती. "बाळा, हा पाह्याले आनला का खायाले? तलावात सोडला तं लहान पोरं गिळते हा. घेऊन जाय घरी, माह्या वहिनीले रस्सा कराले सांग." नात्यागोत्याला न जुमानणारा असा निवाडा मी माझ्या उभ्या नोकरीत फार थोड्या वेळा पाहिला.

आता पाडव्याचा गुन्हा. अध्यक्ष पिशवी घेऊन काठावर उभे, छायाचित्रकार सज्ज. बाई आडव्या आल्या. "आधी जानोसा, अध्यक्षसाहेब."

"बाई, मासे हायेत ते. जावई नोयत."

"जावई बरा. त्याले हाकलता तरी येते. किड्याले कसं हाकलसान?"

अध्यक्ष हसले आणि त्यांनी पिशवी पाण्यासकट तलावात रिकामी केली. पुढे केशरी-पांढऱ्या कोईच्या पाठीवर सुतासारखे किडे लोंबू लागले. मासे उसळून कठड्याला अंग घासू लागले. अध्यक्षांनी तलाव बुजवून तेथे वाहनतळ करण्याचा प्रस्ताव आणला. मी हरकतीचे तीन पानी निवेदन दिले. बाईंनी ते वाचले आणि म्हणाल्या, "लय चांगलं लिव्हलं. आता बाह्या वर करा अन् टॉवेल ओला करून आना."

असा उत्सव कॉलनीने पाहिला नव्हता. ओल्या टॉवेलात मी मासा धरलेला, पार्लर चालवणाऱ्या शेजारीणबाई भुवया कोरण्याचा चिमटा घेऊन बसलेल्या आणि बाईंची आज्ञा सुरू: "मुळाशी धर वं! तुटला तं मुंडकं आत राह्यते." किडा निघाला की टाळी, जखमेवर औषध, आणि मासा मिठाच्या पाण्यात विसाव्याला. एका दांडग्या कोईने शेपटी हाणून माझा चष्मा तलावात पाडला. बाई पोट धरून हसल्या. "नोटीस पाठवा त्याले!" किड्यांची पिल्ले पाण्यात पोहत असतात, म्हणून पशुवैद्यांनी दिलेले औषध तलावात पुन्हा पुन्हा टाकावे लागले. बुद्धपौर्णिमेला बाईंनी तलावाच्या काठी सर्वांना खीर वाढली. अध्यक्षांनी दोनदा घेतली. वाहनतळाचा प्रस्ताव त्या दिवशी कोणी उच्चारला नाही.

त्यानंतर मी तलावप्रवेशाची नियमावली रचली, कलमे-उपकलमांसह. बाईंनी सगळी खोडून एक ओळ ठेवली: आधी जानोसा. कार्यकारिणीने ती एकमताने मंजूर केली. इतका निर्दोष मसुदा माझ्या हातून कधी उतरला नव्हता.

पोळ्यानंतर बाई लेकीकडे अकोल्याला राहायला गेल्या. बडनेऱ्याच्या फलाटावर त्यांनी सामानाआधी मला बजावले, "पिंप हलू देजा नका. तलाव त्याच्यावरच उभा हाय." गाडीत चढताच त्यांनी समोरच्या प्रवाशाकडे अशा काही नजरेने पाहिले की त्याने आपण होऊन तिकीट काढून दाखवले.

आणि कोजागिरीला अध्यक्षांनी तो पिंप उचलून नेला, त्याला सोनेरी रंग फासला आणि शोभेचा पाम लावून प्रवेशद्वारी उभा केला. येत्या पाडव्याला पुन्हा अकोल्याहून मासे येणार असल्याचा फलकही लागला आहे.

रविवारी बाईंचा फोन येतो. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "जानोसा रिकामा हाय ना?" गेल्या खेपेला मी सांगितले, सध्या त्यात पाम उतरला आहे. पलीकडे हसणे थांबेना. मग म्हणाल्या, "त्याच्याही पानाखाली किडे पाहून घ्या." आणि हळूच विचारले, "अन् माहे कोई?"

त्यांना उत्तर द्यायचे आहे. सबब माझी जाहीर मागणी अशी: अध्यक्षांनी पाडव्यापूर्वी सर्वसाधारण सभा बोलवावी, ध्वनिक्षेपक हाती घ्यावा आणि मंजूर ठराव समोर ठेवून सर्वांसमक्ष सांगावे, की नवे पाहुणे आले म्हणजे ते उतरणार कुठे? मी पहिल्या रांगेत बसेन. फोन सुरू असेल, आणि पलीकडे बाई ऐकत असतील.