कान तुटका कप

नवापूरच्या बाजूचे आम्ही. दांडीचा समुद्र काही फार लांब नाही, तरी सत्तरी उलटल्यावर तो पाहिला. मुलाने जीप काढली. सून, नात आणि शेतावर कामाला येणारी बाई बरोबर. ती भिल्ल समाजाची, माझ्याच वयाची. तिलाही समुद्र दिसेल, असं मी घरात म्हणाले. खरं म्हणजे माझे गुडघे दुखतात, हात धरायला माणूस हवं होतं.

मिठाच्या सत्याग्रहाचे पुतळे पाहिले, वाळूत चाललो. ऊन फार तापलं तेव्हा गावातल्या एका ओट्यावर सावलीला टेकलो. घरातल्या बाईने कुठून आलात विचारलं आणि न मागता चहा आणला. ताटात पाच कप, एकसारखे.

मी पिशवीत हात घातला आणि कान तुटका कप काढून आमच्या कामाच्या बाईपुढे ठेवला.

घरी तो गोठ्याच्या कोनाड्यात पालथा असतो. तिचा चहा त्यातच. सकाळी दशम्या बांधताना मीच तो बरोबर बांधला होता. मला कोणी सांगितलं नव्हतं.

घरवालीचा चेहरा पडला. "आ शूं, बेन? मारा कप तो चोख्खा छे!"

तिला वाटलं, आम्ही तिच्या भांड्यांना नावं ठेवतो आहोत. सून खाली बघू लागली. नात पुटपुटली, "आजी, आत ठेव ना तो."

कामाची बाईच हसली. "कप मन्हा शे, बहीन. माले दुसरा कपमा च्या गोडच लागत नई. सवय वाईट शे मन्ही."

घरवालीही हसली. तिने चहा त्या कपात ओतून दिला. मी माझा कसाबसा संपवला.

जीपमध्ये मी तिला हळूच म्हटलं, "खोटं कशाले बोलनी?"

"मंग काय सांगू, माय? खरं?"

दुसऱ्या दिवशी तिला ओसरीवर बोलावलं आणि घरातल्या कपात चहा दिला. ती उठली, गोठ्यातून तो कप घेऊन आली आणि चहा त्यात ओतून घेतला.

"त्या बहीनले सांगेल शे ना, हाऊ मन्हा कप शे."

ती थट्टेने बोलली की रागाने, मला कळलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही. मी एवढंच विचारलं, साखर पुरे का?

कप अजून कोनाड्यातच आहे. तो मी कधीच फोडायला हवा होता. आता फोडला तर तिची वस्तू फोडल्यासारखं होईल.