उपास आणि उपाशी

बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, उपाशीपोटी या. मी उपास करून गेले. पहाटे उठून वाटीभर साबुदाण्याची खिचडी, उकडलेलं रताळं आणि वर शेंगदाण्याचा लाडू. साठी ओलांडलेली बाई, पण अक्कल चुलीत घातलेली. तेव्हा मात्र मी स्वतःला फार हुशार समजत होते.

हुशारी म्हणजे काय, तर संशय. सहा महिने झाले, जेवण झालं की पोट नगाऱ्यासारखं फुगायचं, दिवसातून चारदा पळावं लागायचं, आणि अंगावरचे ब्लाउज लोंबायला लागले होते. आमच्या काटेवाडीच्या घरात दूध तेच, ज्वारी आपल्याच रानातली. मग बदललं काय? सून. दोनच वर्षांपूर्वी आलेली. झालं, मी निकाल लावून मोकळी: ही पिठात काहीतरी मिसळते. मी भाकरी हुंगून खायला लागले. पणदऱ्याला दिलेल्या लेकीला फोनवर हळूच सांगितलंसुद्धा, "मला काय झालंच, तर पीठ तपासायला द्या गं." दिवाळीला लेक आली, पण तिनं वहिनीच्या हातचं पाणी घेतलं नाही.

डॉक्टर म्हणाले, लहान आतड्यात जंतू वाढलेत असं वाटतंय, श्वासाची तपासणी करू. पोटाचं दुखणं आणि फुंकून कळणार! मला डॉक्टरांचाही संशय आला. सुनेनं कागद वाचून दाखवला: आदल्या दिवशी दूध-डाळ बंद, नुसता पांढरा भात, रात्रीपासून पाण्याशिवाय काही नाही, सकाळी उपाशीपोटी यायचं. भात मी खाल्ला. पुढचं कानात शिरेपर्यंत त्याचा उपास झाला.

तपासणीच्या खोलीतल्या मुलीनं नळी माझ्या तोंडाला लावली. आधी एकदा फुंकायचं, मग गोड पाणी प्यायचं आणि दर वीस मिनिटांनी फुंकत राहायचं. पहिल्याच फुंकरीला तिच्या कपाळावर आठी.

"आजी, काय खाल्लंय?"

"काय न्हाय बाई. उपास हाय माजा."

"मग आकडा एवढा वर कसा?"

मी सुनेकडं बोट केलं. "हिला इचारा. कालचा भात हिनंच केलता."

सुनेनं माझ्या पिशवीतून स्टीलचा डबा काढला आणि झाकण उघडून मुलीपुढं धरला. तळाला खिचडी चिकटलेली, कडेला अर्धा लाडू.

"असला उपास व्हय!" मुलगी हसू दाबत म्हणाली. "पुढच्या आठवड्यात या, आजी. खरंच उपाशी."

गेले. या खेपेला दोन तास फुंकले आणि जंतू सापडले. डॉक्टरांनी दोन आठवड्यांच्या गोळ्या दिल्या, अशक्तपणाला इंजेक्शनं दिली. मग विचारलं, आणखी काय घेता? मला पित्ताच्या गोळ्या सांगाव्या लागल्या. मेडिकलमधून स्वतःच आणून कित्येक वर्षं रोज गिळत होते. "पोटातलं आम्ल कमी झालं की जंतूंना रान मोकळं," ते म्हणाले, आणि त्या बंद केल्या. सून शेजारीच बसलेली. मी छताचा पंखा बघत राहिले.

महिन्याभरात पोट निवलं. एका दुपारी ताटावर बसून मी लाडात म्हणाले, "आनी एक वाढ गं, तुज्या हातची."

तव्यावरची भाकरी उलटत सून म्हणाली, "वाढते की, आत्या. आदी पणदऱ्याला वन्संना फोन लावा, आन् पिठात काय घावलं त्ये सांगा. स्पीकरवर टाका, मी हितंच हाय."