वाढवून लिहिलेले सेकंद

उल्हासनगरच्या कॅम्प दोनच्या बाजारातून आणलेल्या निळ्या चटईला नव्या रबराचा उग्र वास होता. संध्याकाळी बदलापूरच्या आमच्या लहानशा हॉलमध्ये ती अंथरली, की तो वास चहाच्या वाफेतही उतरे. माझी मुलगी कोपरांवर आणि पायांच्या बोटांवर शरीर तोलून फळीसारखी ताठ राही. मी घड्याळ धरून बसे.

तिच्या कबड्डीच्या मॅडमचा नियम साधा होता. हा प्लँक तीन मिनिटे टिकला, तरच चढाईला पाठवायचे. वेळ घरच्यांनी रोज वहीत लिहायची. पोट आणि कंबर लवकर थकली, तर झटकन वळताना गुडघ्यावरचा ताबा सुटू शकतो, हे त्यांनी आम्हा पालकांना समोर बसवून समजावले होते.

ती अडीच मिनिटांच्या आतबाहेर कोसळे. कपाळ चटईला टेकवून विचारी, झाली का तीन? तिच्या पाठीवर घामाचे थेंब अजून थरथरत असत, आणि मी झाली म्हणे. आधी एकदाच म्हटले, मग रोज. वहीतले माझे अक्षर मात्र सुबक होते.

जिल्हा निवडीआधीचा सराव सामना अंबरनाथला झाला. पूर्वार्धात तिने चार गुण आणले. उत्तरार्धात तिची कंबर खचू लागली. बोनस रेषेजवळून परतताना उजवा गुडघा आत झुकला, कसाबसा सावरला.

"तुमची पोरगी आज कोणाला ऐकत नाय हां," शेजारी बसलेली एका खेळाडूची आई कौतुकाने म्हणाली. मला हसता आले नाही. पुढच्या चढाईत गुडघा पुन्हा झुकला, आधीपेक्षा अधिक. त्या मैदानावर कारण फक्त मला ठाऊक होते. मी उठून मॅडमच्या खुर्चीपाशी गेले.

"वहीतली तीन मिनिटं खरी नाहीत. मी वाढवून लिहिलीत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलेदेखील नाही. हात उंचावून बदली खेळाडू मागितली, आणि निवडीचे आता पुढच्या वर्षी, एवढेच म्हणाल्या.

मुलगी बाहेर आली. लंगडत नव्हती. तिला का काढले, ते मीच सांगितले. आत पंचांची शिट्टी वाजत होती. ती बुटाची नाडी सोडू लागली. गाठ निघेना, तरी तिने मला हात लावू दिला नाही. मान खाली ठेवूनच तिने विचारले,

"खरी किती?"