सुलूआत्या आणि कंपनीतलं हिरवं बटण

माझ्या आत्याला विजेची भयंकर भीती होती.
आणि मला इलेक्ट्रिशियन तिनेच केलं.

सुलूआत्या गेली त्याला आज वर्ष झालं.

विक्रोळीच्या चाळीत ती आमच्या शेजारच्या खोलीत राहायची. एकटीच. लहानपणी गावाला ओल्या हाताने बटण दाबलं आणि सणसणीत शॉक बसला. तेव्हापासून पंखासुद्धा लाटण्याने लावायची.

लोक हसायचे. ती त्यांच्याहून मोठ्याने हसायची.

बारावीनंतर मी घरी सांगितलं, मला आयटीआयला इलेक्ट्रिशियनच करायचंय. कारखान्यातल्या मोठ्या मोटारी, पॅनल, ते सगळं.

बाबा भडकले. "उद्या शॉक लागला, हात भाजला, तर लग्न कोण करणार हिच्याशी?"

आत्या तांदूळ निवडत होती. मान वर न करता धाकट्या भावाला म्हणाली, "लगीन म्हणजे पण शॉकच रे सुरेश. सरिता जगली मा?"

सरिता म्हणजे माझी आई. ती तोंडाला पदर लावून आत पळाली. बाबांनाही हसू आवरेना.

अ‍ॅडमिशन झालं.

कोर्स संपल्यावर भांडुपच्या एका कंपनीत इंटरव्ह्यू होता. तिथले साहेब गोड हसून म्हणाले, "मेंटेनन्सला आम्ही लेडीज घेत नाही. स्टोअरमध्ये बसता का? एसी आहे."

विचार करून सांगते म्हटलं, गेटबाहेर आले, आत्याला फोन लावला आणि रडायलाच लागले.

"तुका स्टोरात बसूचा हा?"
"नाही गं."
"मगे रडतंस कित्याक? भितर जा आणि तसा सांग."
"आणि नाही म्हणाले तर?"
"तर घराक ये. बांगडे हाडलेत."

डोळे पुसले. आत गेले. सांगितलं.

साहेबांनी मेंटेनन्सच्या हेडना बोलावलं. ते मला एका मोटारीपाशी घेऊन गेले. हिरवं बटण दाबून धरलं की मोटार चालायची, बोट उचललं की बंद.

"काय झालंय, शोध."

मी आधी मेन स्विच बंद केला. कुलूप मागून घेतलं, कोणी चुकून चालू करू नये म्हणून स्विचला लावलं. सप्लाय खरंच गेलाय ना, तपासलं. मग पॅनल उघडलं. बोट काढल्यावर मोटार चालू ठेवणारी वायर सैल झाली होती. घट्ट केली.

मोटार झकास धावली!

हेड म्हणाले, "वायर कोणालाही सापडली असती. तू आधी कुलूप मागितलंस, म्हणून घेतोय."

त्या संध्याकाळी बांगडे खाल्लेच. पण सेलिब्रेशन म्हणून.

मग आत्याने चाळभर सांगितलं, "आमची दर्शू कंपनीत लायटीची डॉक्टर." झालं! प्रत्येकाचा बंद पडलेला मिक्सर आमच्या दारात.

"आत्या, मी कारखान्यातल्या मोटारी बघते!"
"मोटार ती मोटार. बघ गो."

बघितले. काय करणार?

कंपनीच्या फॅमिली डेला तिला घेऊन गेले. नवी साडी, अबोलीची वेणी आणि वर पिवळं हेल्मेट. मी वायरिंग केलेल्या कन्व्हेयर पट्ट्यापाशी हेड तिला म्हणाले, "आत्या, आज तुम्हीच चालू करा."



तिने माझ्याकडे बघितलं. "ह्या तू जोडलंस?"
"हो."

पुढे झाली आणि बोटाने बटण दाबलं. नुसत्या बोटाने!

पट्टा सुरू झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ही बोट काढायलाच तयार नाही.

"सोड गं आत्या, चालू राहील."
"माका म्हायत हा. जरा बघूक दी."

त्यानंतर काही महिन्यांनी, दुपारच्या झोपेतच गेली. कोणाला त्रास नाही, हाक नाही.

आत्या, आज घरी तुझं वर्षश्राद्ध आहे आणि मला जाता येत नाहीये. कंपनीत शटडाऊन आहे. सगळं बंद ठेवून मोटारींची तपासणी, आणि यावेळी टीम माझ्या हाताखाली आहे.

आई चिडलीय.

तू नसती चिडलीस. म्हणाली असतीस, "कामाक जा गो. जेवण झाकून ठेवतंय."

निघते आत्या.
खूप आठवण येते.