धसई, वसई आणि एक शोधनिबंध

इतिहासात पीएचडी झालेली संघरत्ना दोन एसट्या बदलून धसईहून शहापूरला जाते आणि तिथल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. कायम नोकरीच्या मुलाखतीत तिला तीनदा एकच प्रश्न आला : शोधनिबंध किती छापले? म्हणून तिनं एक लिहिला. विषय धसईचा जुना बाजार : कुठल्या वस्तीच्या बाया कुठं बसायच्या आणि ती रीत कशी मोडली.

आधार होता शेजारच्या चिमाबाईंचा. वय ऐंशीच्या पुढं. त्यांनी सांगितलं होतं, "माझी आई एका बाजाराला सरळ मधी जाऊन बसली. कोनी ऊठ बोललं नाय. बोललं असतं तरी ती उठली नसती."

निबंध एका नामवंत त्रैमासिकाला गेला. आठ महिन्यांनी परीक्षकांचं मत आलं. पहिल्याला विषय फार लहान वाटला. दुसऱ्यानं पोर्तुगीज कागदपत्रांकडे आणि किल्ल्याकडे झालेल्या दुर्लक्षाबद्दल तीव्र खेद व्यक्त केला, शिवाय चिमाबाईंच्या प्रकाशित लेखनाची यादी मागितली.

संघरत्ना बुचकळ्यात पडली. मग पत्रावरचं शीर्षक दिसलं : 'वसईचा बाजार'. कार्यालयातल्या कुणा दक्ष माणसानं तिची चूक सुधारली होती.

तिनं संपादकांना फोन लावला. ते सौजन्यानं म्हणाले की वसई वाचकांना परिचयाची आहे. मग त्यांनी विचारलं, "पण धसई नक्की आहे ना?"

"मी तिथंच राहते, सर."

लेखी पुरावा असता तर बरं, असं ते म्हणाले. तिनं मुरबाड तालुक्याचा नकाशा पाठवला.

वर्षभरानं निबंध छापून आला. शीर्षकात धसई होती. आत अकरा ठिकाणी वसई तशीच राहिली होती, त्यामुळे सिद्धगडाच्या पायथ्याच्या बाया डोक्यावर पाटी घेऊन दोन तासांत वसईला चालत पोचत होत्या. हे जवळपास शंभर किलोमीटरचं अंतर एकाही विद्वानाला खटकलं नाही. पुढच्या मुलाखतीत समितीनं वसईवरच्या कामाचं कौतुक केलं, गुण मोजले आणि तिला आणखी एक वर्ष तासिकेवरच ठेवलं.

अंक घेऊन ती चिमाबाईंकडे गेली. ओटीवर बसून तिनं अकराही जागा पेनानं दुरुस्त केल्या आणि निबंध वाचून दाखवला. चिमाबाईंनी तिला तिसऱ्याच पानावर थांबवलं.

"आईच्या पाटीत तांदूळ नव्हता गो, वरी व्हती. तांदूळ आमच्याकडं कुठला?"

"आधी का नाय सांगितलंत?"

"तू इचारलं नायस."

संघरत्नानं तांदूळ खोडून वरी लिहिली. तीन वर्षांत निबंधाची एवढी नेमकी तपासणी कुणीच केली नव्हती, आणि ही चूक तर तिची स्वतःची होती. तिनं बारा दुरुस्त्यांचं शुद्धिपत्र त्याच आठवड्यात पाठवलं. उत्तर लगेच आलं : शुद्धिपत्र परीक्षकांकडे पाठवलं आहे, साधारण आठ महिने लागतील.