तुसाचा ढीग आणि माझे पुरोगामी विचार

आमच्या घरात पुरोगामी विचारांचा माणूस एकच होता, आणि तो मी. हे गावाला मीच सांगितलेलं असल्यामुळे त्यावर कधी वाद झाला नाही.

मुरबाडहून माळशेजकडे जाताना वैशाखऱ्याच्या अलीकडे आमचं गाव. तिथे माझी भातगिरणी होती. नव्वदीतली गोष्ट. सकाळच्या एसटीनं पेपर यायचा, तो मी अथपासून इतिपर्यंत वाचायचो आणि मग इंजिन चालू करून राज्याचं राजकारण हातात घ्यायचो. (दोन्हींचा धूर एकदमच निघायचा.)

"मंत्रिमंडळात बायका किती? बोटावर मोजण्याइतक्या!" मी इंजिनाच्या वर आवाज काढून ओरडायचो. "अर्धं राज्य चुलीपुढं बसवून ठेवलंय यांनी! सत्ता द्या म्हणावं बायकांच्या हातात!"

भात भरडायला आलेली माणसं आपापल्या गोणीवर बसून माना डोलवायची. सगळीच्या सगळी! चार वर्षांत विरोधात एक मान हलली असेल तर शपथ. मुंबईतलं सरकार माझं ऐकत नसलं तरी आजूबाजूची पाच गावं मी सुधारली, अशी माझी पक्की खात्री झाली होती.

मग ग्रामपंचायतीची निवडणूक लागली आणि आमच्या वॉर्डातली जागा बायकांसाठी राखीव निघाली. मला तर आकाश ठेंगणं झालं! त्याच दुपारी मी गिरणीत जाहीर करून टाकलं, "आमच्या घरची बाई उभी राहणार! बोलतो तसं करून दाखवणारा माणूस आहे मी!" माना डोलल्या. मी मुरबाडला जाऊन अर्ज आणला, माझ्या हातानं भरला आणि संध्याकाळी सुमनपुढे, म्हणजे माझ्या बायकोपुढे ठेवला. ती भाकऱ्या थापत होती.

"कर सही."

"कसली?"

"तू निवडणुकीला उभी राहतेयस. गावाला सांगून झालंय."

"गावाला सांगितलंत. मला इचारलंत?"

"अगं, मी तुला सत्ता देतोय!"

"घेणार मी ना? मग मला पायजे का नको, ते कोण इचारनार?"

आता आली का पंचाईत! अर्ज भरायचा उद्या शेवटचा दिवस, गावभर बोभाटा झालेला, आणि ही बाई हाताचं पीठ पुसायला तयार नाही. ती नाही म्हणाली असती तर चार वर्षांचा माझा पुरोगामीपणा एका रात्रीत पाण्यात गेला असता. मी चक्क हात जोडले. (दार लावून घेतलं होतं.)

तव्यावरची भाकरी उलटून ती म्हणाली, "राहते उभी. पन परचार माझा मी करीन. तुमी माझ्यासाठी एक शबूद बोलायचा नाय."

दुसरं काहीही मागितलं असतं तरी दिलं असतं हो! पण सही तिच्या हातात होती. मी कबूल केलं.

सुमन घरोघर फिरू लागली. निशाणी मिळाली कपबशी. (घरातल्या कपबश्या त्या दिवसांत मीच विसळत होतो, तोही एक प्रचारच म्हणायचा.) बायका तिला आत घ्यायच्या, चहा पाजायच्या, तास तास काय बोलायच्या कुणास ठाऊक. मी विचारलं की म्हणायची, "तुमी गिरणी बघा."

तीन दिवस मी दम धरला. चौथ्या दिवशी गिरणीत ही गर्दी! नेहमीची माणसं समोर, इंजिन जोरात, आणि मी गप्प? छे! मी सुरू झालो. "सुमनला मत म्हणजे नव्या महाराष्ट्राला मत! आज हा वॉर्ड, उद्या विधानसभा!" माना डोलू लागल्या. मला आणखी चेव आला. आणि ऐन रंगात डिझेल संपून इंजिन बंद पडलं.

सगळं कसं चिडीचूप. माना मात्र अजून डोलतच होत्या.

"पटलं ना?" मी विचारलं.

बारकूतात्या खाकरले. मला पाळण्यात पाहिलेला माणूस, त्यामुळे भीडभाड नाही. "काय पटलं रं?"

"मी आत्ता बोललो ते!"

"ह्या इंजिनात ऐकू काय येतं? चार वर्सं तुझं तोंड हललेलं दिसतं, येवढंच."

"मग माना कशाला डोलवता?"

"आता बघ, कोण 'नाय' बोललं का तू तापतोस. तापलास का भात सोडताना तुझा हात भलता पडतो नि आमच्या तांदळाची कणी होते. त्यापरीस मान डोलवलेली बरी."

कोपऱ्यातल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. पाच गावं सुधारली म्हणे! नुसते तांदूळ अख्खे राहावेत म्हणून माणसांनी चार वर्षं माझं राजकारण सोसलं होतं.

"म्हणजे सुमनला मत नाही?" मी रडकुंडीला येऊन विचारलं.

"तर! तिलाच देनार," तात्या म्हणाले. "निवडून आली का पयलं काम तुझा हा तुसाचा ढीग हलवनार हाय ती. घरोघर सांगितलंय."

तुसाचा ढीग! गिरणी काढल्यापासून भाताचं तूस मी मागच्या दारी, विहिरीच्या वाटेवर टाकत आलो होतो. वारा सुटला की ते बायकांच्या हंड्यात जायचं. हलवायचं म्हणजे रोज बैलगाडी जुंपून ओढ्यापलीकडे न्यायचं. मी तसाच घरी गेलो.

"माझ्याच बायकोनं माझ्याच गिरणीविरुद्ध प्रचार करायचा?"

"चार वर्सं सांगते, तूस हलवा, तूस हलवा. तुमी राज्याचं बघत होतात."

मतदानाच्या दिवशी हातात शिक्का घेऊन मी आडोशामागे बराच वेळ उभा राहिलो. एकीकडे माझे विचार, दुसरीकडे माझं तूस. सुमनच्या विरोधात उभ्या असलेल्या बाईंना दिलं असतं तर कुणाला कळलं असतं? पण खरं सांगतो, सुमनचं नाव तिथे छापलेलं पाहिलं आणि ऊर भरून आला. शिक्का कपबशीवर मारला.

सुमन दणदणीत निवडून आली. पहिल्याच बैठकीत ठराव झाला आणि नोटीस तिनं स्वतः घरी आणली. मुदत आठ दिवस.

"पंधरा कर की," मी म्हणालो.

"नाय."

आठव्या दिवशी संध्याकाळी मी घामाघूम होऊन शेवटच्या टोपल्या गाडीत टाकत होतो. सुमन विहिरीच्या कठड्याला टेकून पंचायत कशी चालवायला हवी ते सांगत होती. पंचायत संपली, तालुका संपला, मग ती राज्यावर आली.

"बरोबर हाय ना?" तिनं विचारलं.

इंजिन बंद होतं, शब्द न् शब्द ऐकू येत होता, आणि दोन मुद्दे तर मला साफ नापसंत होते. पण भात अजून चुलीवर चढायचा होता, आणि घरात कणीही होती, अख्खा तांदूळही होता; कुठला शिजवायचा ते तिच्या हातात होतं. मी मान डोलावली.